बस सोडायची की कॉलेज सोडायचं?

पत्र थोडक्यात: वाचक मुलगी १८ वर्षांची आहे. शहराबाहेरच्या एका खासगी युनिव्हर्सिटीत बीए ऑनर्सच्या पहिल्या वर्षाला, मेजर (मुख्य विषय) अर्थशास्त्र, मायनर (दुय्यम विषय) मानसशास्त्र. बारावीपर्यंत सगळं मराठीतून. युनिव्हर्सिटीची बस सकाळी ७:१० ला घेते आणि ८:४० ला पोचवते, संध्याकाळी ४:४० ला कॅम्पसवरून सुटते. पहिल्या सेमला (सेमिस्टरला) एसजीपीए, म्हणजे त्या सेमच्या ग्रेडची दहापैकी सरासरी, ६.१ आलाय. वर्गातले बहुतेक जण हॉस्टेलला राहतात, त्यांचे ग्रुप ठरलेले आहेत. तिच्या दोन मैत्रिणी शहरातल्या जुन्या, नावाजलेल्या कॉलेजात आहेत आणि त्यांचं छान चाललंय असं तिला दिसतं. वडिलांनी एज्युकेशन लोन काढलंय. ती लिहिते, "ताई, मी एकही लेक्चर बुडवत नाही तरी मार्क नाहीत, मित्र नाहीत, रविवारी संध्याकाळीच पोटात गोळा येतो. मी चुकीचं कॉलेज निवडलं. सेकंड इयरला शहरातल्या कॉलेजात जाऊ का? आणि बाबांना कुठल्या तोंडाने सांगू?" सोबत मार्कशीटचा फोटो पाठवलाय.

*

तू मार्कशीटचा फोटो पाठवलास हे फार बरं केलंस, कारण पत्र वाचताना मला वाटलं होतं की ही मुलगी सगळ्याच विषयांत गटांगळ्या खातेय, आणि फोटो बघितल्यावर तसं अजिबात दिसलं नाही. तू तो आकडा नुसता वरच्या वर वाचलास, ६.१, आणि स्वतःवर शिक्का मारून मोकळी झालीस. आपण जरा आत जाऊन बघू.

तुला पहिल्या सेमला २० क्रेडिट होते, क्रेडिट म्हणजे त्या विषयाचं वजन. अर्थशास्त्र चार क्रेडिट, ग्रेड बी प्लस. मानसशास्त्र चार क्रेडिट, तिथेही बी प्लस. ओपन इलेक्टिव्ह चार, बी. स्टॅटिस्टिक्स चार, आणि तिथे पी, म्हणजे काठावर पास. मग दोन-दोन क्रेडिटचे दोन, पर्यावरणाला ए आणि कम्युनिकेशनला सी. आता एसजीपीए काढायची पद्धत अशी की प्रत्येक विषयाचे ग्रेड पॉइंट गुणिले त्याचे क्रेडिट, सगळ्याची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट. बी प्लसचे सात, पी चे चार. तुझी बेरीज येते १२२, भागिले २०, ६.१. बरोबर. आता फक्त स्टॅटिस्टिक्सच्या पी च्या जागी बी प्लस ठेव, बाकी एक अक्षर बदलू नकोस. बेरीज होते १३४ आणि एसजीपीए ६.७. एका विषयाने तुला अर्ध्या पॉइंटपेक्षा जास्त खाली ओढलंय.

आणि त्या एका विषयात काय झालंय ते तर अजून गमतीचं आहे. एंड-सेमला ६० पैकी ३०, इंटर्नलला ४० पैकी १४. मार्कशीटच्या मागे ग्रेडचा तक्ता छापलाय, त्याचाही फोटो तुझ्याकडून चुकून आलाय, त्यात तुमच्याकडे बी प्लस ५५ पासून सुरू होतो. म्हणजे परीक्षेत तू जे लिहिलंस तेच लिहिलं असतंस आणि इंटर्नलला २६ मिळाले असते तरी बी प्लस होता. इंटर्नल म्हणजे काय तर क्विझ, असाइनमेंट, ग्रुप प्रेझेंटेशन. म्हणजे तू जिथे कमी पडलीस ती परीक्षा नाहीच, सेमभर वर्गाच्या आजूबाजूला जे काय चालतं ते आहे. हे लक्षात ठेव, कारण माझं पुढचं सगळं म्हणणं इथूनच निघतं.

तू लिहिलंयस की एकही लेक्चर बुडवत नाही. कौतुक आहे, पण हा हिशोब शाळेचा झाला. बारावीपर्यंत वर्गात बसलं, घरी जाऊन वाचलं, पेपर लिहिला की झालं. बऱ्याच मुलांना वाटतं की युनिव्हर्सिटी म्हणजे तेच, फक्त इंग्रजीत आणि महाग. तसं नसतं. तुझा दिवस मी पत्रातून मांडून बघितला: बस, वर्ग, मधल्या सुट्टीत कोपऱ्यात फोन, वर्ग, ४:४० ची बस. त्या कॅम्पसवर ४:४० नंतर काय होतं हे तुला माहीतच नाही गं. क्लबच्या मीटिंग पाचनंतर, सिनियर लोक प्रॅक्टिस सेट वाटतात ते संध्याकाळी लायब्ररीत, ग्रुप असाइनमेंटमध्ये कोण काय करणार हे ठरतं रात्री अकराला हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये, आणि सकाळी तुला व्हॉट्सॲपवर कळतं की तुझ्या वाट्याला "पीपीटी नीट करून दे" आलंय. हे मी अंदाजाने लिहीत नाहीये, तूच लिहिलंयस की दोन्ही प्रेझेंटेशनला तू स्लाइड बनवल्या आणि बोलले दुसरेच. मग इंटर्नलला १४ येणार नाहीत तर काय.

त्यामुळे माझा पहिला प्रश्न हा की तू चुकीचं कॉलेज निवडलंस, की कॉलेजचा अर्धाच भाग वापरलास? दोन्ही खरं असू शकतं. पण जो भाग बघितलाच नाही त्याच्यावर निकाल देऊन बाहेर पडलीस तर शहरातल्या कॉलेजातही तू वर्ग आणि घर एवढंच करशील, आणि तिथे साठच्या जागी एकशे वीस मुलं असतील, तुझं नाव माहीत असलेला एखादा प्राध्यापक मिळायलाच वर्ष जाईल.

आता बसबद्दल, कारण ती खरीच अडचण आहे, मनाचे खेळ नाहीत. रोजचे तीन तास, आठवड्याचे पंधरा, पंधरा आठवड्यांची सेम धरली तर २२५ तास. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) हिशोबात थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे सेममध्ये १५ तास वर्ग, चार क्रेडिटच्या विषयाला ६० तास. म्हणजे तू दर सेमला जवळजवळ चार मोठ्या विषयांच्या लेक्चरइतका वेळ बसमध्ये बसतेस. एवढी दमून घरी गेलेली मुलगी रात्री स्टॅटिस्टिक्सची गणितं सोडवेल ही अपेक्षाच चुकीची आहे, आणि तू ती स्वतःकडून ठेवतेस आणि मग स्वतःलाच आळशी म्हणतेस.

याच्यावर तीन-चार रस्ते आहेत. एक म्हणजे आठवड्यातले दोन दिवस ४:४० ची बस सोडायची. अशा काही युनिव्हर्सिट्यांत स्टाफसाठी किंवा लायब्ररीवाल्यांसाठी सहा-साडेसहाला एखादी उशिराची गाडी असते, पण ती बोर्डावर लावलेली नसते, ट्रान्सपोर्ट ऑफिसमध्ये जाऊन विचारावं लागतं. नसेलच तर तुझ्या रूटवरच्या अजून चार-पाच जणांच्या सह्या घेऊन स्टुडंट वेल्फेअरच्या डीनना अर्ज द्या, एकटीने तोंडी सांगितलेलं हवेत जातं, लेखी अर्जाला इनवर्ड नंबर पडतो. घरून उशिरा येण्याची काळजी असणार, ती रास्तच आहे, तेव्हा आधी आईला ठरलेले दोन वार आणि सोबत कोण आहे ते सांगून टाक, "आज उशीर होईल" असा ऐन वेळचा फोन करू नकोस. दुसरा रस्ता म्हणजे जवळपास दोघी-तिघींनी मिळून खोली घेणं किंवा हॉस्टेल, पण त्याचा खर्च लोनवर चढणार, म्हणून ते लगेच करायची घाई नको. आधी दोन दिवसांचा प्रयोग कर, फरक पडतोय असं दिसलं तरच पैशाचं बोल. आणि सगळ्यात सोपं, तुझ्या टाइमटेबलमध्ये मंगळवार-गुरुवार ११:१५ ते १ मोकळं आहे असं तू लिहिलंयस, तो वेळ सध्या फोनमध्ये जातोय. तो स्टॅटिस्टिक्सला दे. घरी नाही, तिथेच, लायब्ररीत, वही उघडून.

आणि त्याच वेळात सरांच्या केबिनला जा. खासगी युनिव्हर्सिटीत फी जास्त घेतात त्यातली एक गोष्ट खरंच वसूल करता येते ती ही. प्राध्यापकांच्या दारावर भेटायच्या वेळेचा कागद चिकटवलेला असतो आणि त्या वेळेला बहुतेकदा दाराबाहेर कोणीही नसतं. मुलं जातात ती परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, तेही "सर, इम्पॉर्टंट काय आहे" विचारायला. तू आत्ता जा, क्विझची उत्तरपत्रिका मागून घे, आणि एकच प्रश्न विचार, इथे मी नेमकं काय चुकले. इंग्रजीत विचारायचं टेन्शन असेल तर अर्धं मराठीत विचार, सरांना मराठी येत नसेल तर वहीत सोडवलेलं गणित पुढे ठेव आणि बोट दाखव. स्टॅटिस्टिक्सला इंग्रजी फार लागत नाही, हा तुझ्या बाजूचा मुद्दा आहे, तुला कोणी सांगितला नसेल.

इंग्रजीवरून आठवलं. तू लिहिलंयस "सगळे फाडफाड बोलतात." सगळे नाही गं. जे बोलतात तेच ऐकू येतात, गप्प बसलेले मोजलेच जात नाहीत. पुढच्या ग्रुप असाइनमेंटला वाटणी व्हायच्या आधीच ग्रुपवर टाक, "मी इंट्रो आणि पहिला पार्ट बोलणार." पहिला पार्ट सगळ्यात सोपा असतो, पाठ करता येतो, आणि त्यावर प्रश्न जवळजवळ येत नाहीत. स्लाइड बनवायचं काम पुन्हा गळ्यात मारलं तर म्हण, बनवते, पण बोलणारसुद्धा. ज्याच्या त्याच्या बोलण्याला मार्क आहेत, फाँटला नाहीत.

मित्रांचं मी फार लिहीत नाही. ग्रुप ठरलेले आहेत असं पहिल्या वर्षी सगळ्यांनाच वाटतं, त्यातले निम्मे ग्रुप सेकंड इयरपर्यंत भांडणाने फुटतात. एखादाच क्लब धर, जिथे काम करायला लागतं असा. नुसत्या गप्पांच्या घोळक्यात शिरणं अवघड जातं, पण पोस्टर लावायला चौथा माणूस सगळ्यांनाच हवा असतो.

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे येऊ, कॉलेज बदलायचं का. माझं म्हणणं "बदलू नको" असं मुळीच नाही. पण तुझ्या डोक्यात ते जितकं सोपं आहे तितकं नाहीये, आणि माहिती अर्धवट आहे. तू लिहिलंयस की "आता क्रेडिट बँक आहे ना, क्रेडिट ट्रान्सफर होतात." अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स २०२१ पासून आहे, त्यात तुझे क्रेडिट जमा होतात, साधारणपणे सात वर्षांपर्यंत वापरता येतात, हे सगळं खरं. पण क्रेडिट तिथे पडून आहेत म्हणून समोरचं कॉलेज तुला घ्यायला बांधील होत नाही. सेकंड इयरला जागा रिकामी हवी, तुझे विषय त्यांच्या विषयांशी जुळायला हवेत, आणि ते जुळतात की नाही हे ते ठरवणार, तू नाही. तुझी मायनर तिथे नसेल किंवा पहिल्या वर्षाचा एखादा पेपर वेगळा असेल तर तो वेगळा भरून काढावा लागू शकतो. त्यामुळे मैत्रिणीला विचारून काही कळणार नाही, त्या कॉलेजच्या ॲडमिशन ऑफिसमध्ये दोन्ही सिलॅबसची प्रिंट घेऊन जायचं आणि विचारायचं की बाहेरच्या युनिव्हर्सिटीतून सेकंड इयरला घेता का, गेल्या वर्षी घेतलं होतं का, एलिजिबिलिटीसाठी कुठली कागदपत्रं लागतात, मायग्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे जुनी युनिव्हर्सिटी सोडल्याचा दाखला, कधीपर्यंत. उत्तर शक्यतो ईमेलवर घ्यायचं. (इंजिनिअरिंग, फार्मसी, लॉ वाल्यांनी हे जसंच्या तसं धरू नका, तुमचे ट्रान्सफरचे नियम वेगळे आहेत.)

अजून एक रस्ता लोक हल्ली सांगतात, एक वर्ष करून सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडायचं. यूजीसीच्या पदवीच्या नव्या आराखड्यात ते आहे खरं, पहिल्या वर्षाचे ४० क्रेडिट आणि त्यावर चार क्रेडिटचा व्होकेशनल कोर्स किंवा इंटर्नशिप पूर्ण केली की सर्टिफिकेट मिळतं. पण ते ज्याला आजारपणामुळे, पैशामुळे थांबावंच लागतंय त्याच्यासाठी बरं आहे. तुझ्यासारखीने, जिला पुढे शिकायचंच आहे, त्या कागदाच्या मागे लागण्यात मला अर्थ दिसत नाही.

पैशाचं बघ. या वर्षाची फी परत मिळेल ही आशा सोड, यूजीसीचे फी परताव्याचे नियम ॲडमिशनच्या शेवटच्या तारखेच्या आसपास सोडणाऱ्यांसाठी असतात, वर्ष संपवून जाणाऱ्यांसाठी नाहीत. म्हणून खरी तारीख एकच, सेकंड इयरची फी भरायची. निर्णय तिच्या आधी व्हायला हवा, नंतर नाही. आणि सोडायचं ठरलंच तर "ओरिजिनल्स आमच्याकडे राहतील" असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नकोस, मूळ कागदपत्रं अडवून ठेवायला यूजीसीची मनाई आहे, २०१८ च्या नोटिफिकेशनमध्ये ते स्पष्ट लिहिलंय. तक्रार आधी युनिव्हर्सिटीच्या तक्रार निवारण समितीकडे, तिथे नाही झालं तर ओम्बड्सपर्सनकडे (विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालाकडे), आणि यूजीसीचं ई-समाधान पोर्टलही आहे. बँकेला मात्र आधी सांगावं लागेल, कारण लोन हे त्या कोर्ससाठी आणि त्या संस्थेसाठी मंजूर झालेलं असतं आणि फीचे हप्ते बँकेकडून थेट संस्थेच्या खात्यात जातात. कॉलेज बदललं की मंजुरीचा कागद पुन्हा बघावा लागतो. न सांगता बदललंस तर मधल्या मध्ये हप्ता अडकेल आणि तो ताण बाबांवर येईल.

राहायचं ठरवलंस तर एक काम कर, प्लेसमेंट सेलमध्ये जाऊन फक्त तुझ्या कोर्सचे आकडे माग. ब्रोशरवरचा मोठा आकडा बहुतेकदा बीटेक, एमबीए सगळे धरून असतो आणि सगळ्यात मोठं पॅकेज एकाच मुलाचं असतं. अर्थशास्त्राच्या गेल्या बॅचमधले किती बसले, किती जणांना मिळालं, किती पुढे शिकायला गेले. नीट उत्तर मिळालं तर चांगलंच, नाही मिळालं तर तेही निर्णयाच्या वहीत लिहून ठेव.

आणि एका सेमने काही बुडत नाही हे आकड्यात सांगते म्हणजे पटेल. क्रेडिट सारखेच धरले आणि पुढच्या पाच सेमला तुझी सरासरी साडेसात राहिली तर तीन वर्षांचा सीजीपीए, म्हणजे सगळ्या सेमची मिळून सरासरी, ७.३ च्या जवळ येतो. चौथं वर्ष रिसर्चसह ऑनर्स करायचं मनात असेल तर पहिल्या सहा सेमला ७५ टक्के लागतात, म्हणजे ७.५ धरला तर इथून पुढे सरासरी ७.८ च्या आसपास. अवघड आहे, पण ज्या मुलीला पहिल्या सेमला कोणाच्या मदतीशिवाय अर्थशास्त्रात बी प्लस आलाय तिच्यासाठी अशक्य नाही.

आता बाबा. तू लिहिलंयस "त्यांनी लोन काढलंय म्हणून मी तक्रार करूच शकत नाही." ही समजूत मला सगळ्यात जास्त खटकली. बाबांनी लोन काढलं ते तू शिकावंस म्हणून, तू गप्प बसावंस म्हणून नाही. आणि खरं सांगू, आई-बाबांना मार्कांपेक्षा मुलगी बोलत नाही याची धास्ती जास्त असते, फक्त ते "अभ्यास कसा चाललाय" एवढंच विचारतात कारण दुसरं काय विचारायचं ते त्यांना सुचत नाही. पण बोलताना "बाबा, मला तिथे नाही जायचं" असं सुरू केलंस तर ते घाबरून लगेच हप्त्याच्या आकड्यावर जातील. मार्कशीट समोर ठेव, जसं वर मी मांडलं तसं मांड, हा विषय इथे अडकला, बसमुळे एवढे तास जातात, आठवड्यातून दोन दिवस उशिरा येणार, सेमच्या शेवटी पुन्हा बघू, आणि तेव्हाही नाहीच जमलं तर शहरातल्या कॉलेजचं मी हे-हे विचारून ठेवलंय. पळवाट म्हणून नव्हे, विचार करून बोलतेय हे त्यांना दिसेल. तरी चिडले तर चिडू दे, पहिल्या दिवशीचं चिडणं हे उत्तर नसतं.

शहरातल्या मैत्रिणींबद्दल एवढंच, त्यांचे फेस्टचे फोटो तुला दिसतात, त्यांच्या मार्कशीट दिसत नाहीत. एक दिवस त्यांच्याबरोबर त्यांच्या कॉलेजात जाऊन ये, गेटवर आत सोडत असतील तर, आणि फेस्टच्या दिवशी नको, साध्या बुधवारी. वर्गात किती जण बसलेत, लेक्चर होतंय का, संपल्यावर त्या काय करतात ते बघ. आवडलं तर तो एक खरा मुद्दा तुझ्याकडे जमा झाला.

रविवारचा पोटातला गोळा मी हलक्यात घेत नाहीये. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, रोज रडू येत असेल तर कॉलेजचा निर्णय बाजूला ठेव आणि आधी कॅम्पसवरच्या समुपदेशकाला भेट, तिथे जायचं नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर, सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीतून बोलता येतं. अशा अवस्थेत माणूस जो निर्णय घेतो तो फक्त तिथून सुटण्यासाठी घेतो.

तर या आठवड्यात दोनच गोष्टी कर. ट्रान्सपोर्ट ऑफिसमध्ये उशिराच्या गाडीची चौकशी, आणि स्टॅटिस्टिक्सच्या सरांकडून क्विझची उत्तरपत्रिका. शहरातल्या कॉलेजच्या ऑफिसची चक्कर परीक्षेच्या आधी एखाद्या सुट्टीच्या दिवशी मार, पण त्यांचं ऑफिस चालू आहे ना हे फोन करून विचारून जा. सेकंड इयरच्या फीची तारीख कॅलेंडरमध्ये टाक आणि तिच्या दोन आठवडे आधीची अजून एक खूण कर, त्या दिवशी बाबांना घेऊन बसायचं. तोवर दुसऱ्या सेमचे इंटर्नल लागलेले असतील, स्टॅटिस्टिक्सचा पुढचा पेपर असेल तर त्याचेही. तो आकडा १४ च्या आसपासच राहिला आणि तू खरोखर संध्याकाळी थांबली असशील, सरांकडे गेली असशील, तर मग माझंही मत बदलेल, आणि मी तुला बिनधास्त जा म्हणेन.